आधी माहितीची चिकित्सा, मग रुग्णाची

"कोणतं औषध मारत होता?"
"कपाशीचं."

आपल्या जिल्ह्यात फवारणीच्या दिवसांत आरोग्य केंद्राच्या दारात होणारा हा संवाद. आपण विषाला औषध म्हणतो. कृषी केंद्रातून औषध आणतो, औषध मारतो आणि चक्कर येऊन पडलो की दुसऱ्या औषधासाठी दवाखान्यात जातो. समोर उभ्या असलेल्या सिस्टरला "कपाशीचं" या एका शब्दावरून काय कळणार? प्रोफेनोफॉस की मोनोक्रोटोफॉस, सायपरमेथ्रिन की डायफेन्थियुरॉन, की दोन-तीन एकत्र कालवलेली? प्रत्येकाचा परिणाम वेगळा. काहींवर उतारा आहे, काहींवर नाही.

2017 च्या जुलै ते ऑक्टोबरमध्ये यवतमाळ जिल्ह्यात हेच झाले. 800 हून अधिक शेतकरी-शेतमजूर विषबाधा होऊन दवाखान्यात पोहोचले, 20 हून अधिक दगावले. त्यांत दुसऱ्याच्या शेतात रोजाने पंप पाठीवर घेणारे भूमिहीनही होते. वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे वॉर्ड भरले. चौकशी पथक नेमले गेले, मानवी हक्क आयोगाने नोटीस काढली, प्रकरण उच्च न्यायालयात गेले. कंपन्यांवर, कृषी खात्यावर, मदतीच्या रकमेवर भरपूर बोलले गेले. ते बोललेच पाहिजे. पण एका प्रश्नावर आमच्यासकट कोणीच बोलले नाही. रुग्णाला सगळ्यात आधी हात लावणाऱ्या नर्सकडे, एएनएमकडे, आशाताईकडे त्या घडीला कोणती माहिती होती? ती तिला कुठून मिळणार होती? मिळाली असती तर खरी की खोटी हे तिने कसे ठरवले असते?

आमचे म्हणणे असे की हा प्रश्न तांत्रिक नाही. तो ज्ञान कोणाच्या हातात असावे याचा प्रश्न आहे, म्हणजे थेट आपला प्रश्न आहे.

लगेच कोणी म्हणेल, नर्सला काय करायची एवढी माहिती? डॉक्टर सांगतील ते करायचे. हे वाक्य आपण ओळखले पाहिजे. तुम्ही हाताने काम करा, डोक्याचे काम आम्ही बघतो, ही ती जुनी वाटणी. सेवा खालच्यांनी करायची, शास्त्र वरच्यांनी सांभाळायचे. सावित्रीमाईंनी ही वाटणी मोडली होती. ज्या बाईने आधी शाळा काढली, तीच 1897 च्या प्लेगमध्ये रुग्णांना उचलत होती आणि त्यातच गेली. शिक्षण आणि शुश्रूषा तिच्या लेखी दोन जातींची कामे नव्हती.

औषधाची मात्रा डॉक्टरच लिहितील, हे आम्हाला मान्य आहे. नर्सने मोबाइल बघून इंजेक्शन ठरवावे असे आम्ही म्हणत नाही. पण लक्षण ओळखणे, चुकीचा सल्ला थांबवणे, डॉक्टरांना योग्य प्रश्न विचारणे, वेळेत पुढे पाठवणे ही कामे तिचीच आहेत. रात्री उपकेंद्रात ती एकटी असते, तेव्हा तर दुसरे कोणी नसतेच.

आणि चूक झाली की जबाबदारी कोणावर येते? 31 जानेवारी 2021, मूकनायक दिन. त्या दिवशी घाटंजी तालुक्यातल्या कापसी-कोपरीत पाच वर्षांखालच्या 12 मुलांना पोलिओच्या थेंबांऐवजी हँड सॅनिटायझरचे थेंब पाजले गेले. मुले वाचली. चूक भयंकर होती, तिचे समर्थन आम्ही करणार नाही. हातातली बाटली वाचणे ही आरोग्य माहितीची पहिली पायरी, तीच तिथे निसटली. केंद्रावरच्या तिघांवर कारवाई झाली, बातमी देशभर गेली आणि विषय मिटला. आमचा प्रश्न एवढाच आहे. ज्या व्यवस्थेला कारवाई करायला एक दिवस पुरतो, तिला शिकवायला किती वर्षे लागतात?

आता कुलूप कुठे आहे ते बघू. केंद्र सरकारने नोव्हेंबर 2024 मध्ये 'एक राष्ट्र एक सदस्यत्व' योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपये, सुमारे 13,000 नियतकालिके, 6,300 च्या आसपास सरकारी उच्च शिक्षण आणि संशोधन संस्था. चांगली योजना आहे. पण दार उघडले ते संस्थेत शिकणाऱ्या-शिकवणाऱ्यांसाठी. झरी-जामणीच्या उपकेंद्रातली एएनएम ना विद्यार्थी, ना संशोधक. ज्या विषबाधेवर लोक प्रबंध लिहितात, ती विषबाधा तिच्या टेबलावर येते आणि प्रबंध मात्र दुसऱ्याच्या संगणकावर उघडतो. पाणी सार्वजनिक तळ्याचे, पण काठावर कोणी उभे राहायचे ते दुसरे ठरवणार. महाडचा धडा इथेही लागू आहे.

तरीही हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही, कारण बरेच काही आजही खुले आहे. ते शोधायचे कसे आणि पारखायचे कसे, ते आपल्याच जिल्ह्याच्या उदाहरणावरून बघू.

पहिली गोष्ट नावाची. बाटलीवरचे ठळक नाव हे दुकानाचे नाव असते. ते टाकून शोधले की विक्रीची पाने येतात, एकरी किती मिली आणि किंमत किती. रुग्णासाठी हवे ते बारीक अक्षरातले रासायनिक नाव. म्हणून नातेवाइकांना पहिले सांगणे हे की रिकामी बाटली घेऊन या, नाहीतर लेबलचा फोटो पाठवा. लेबलवरच्या चौकोनात खालच्या अर्ध्या भागाचा रंग विषारीपणा सांगतो. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. पण आपल्याला हिरवा म्हणजे निर्धोक असे वाटते, तसे नाही. हिरवा म्हणजे त्यातल्या त्यात कमी विषारी.

दुसरी गोष्ट, सांगणारा कोण आणि त्याचा फायदा कशात? कीटकनाशक विकणाऱ्याच्या पानावर सगळा दोष फवारणाऱ्याचा असतो. मास्क घातला नाही, वाऱ्याच्या उलट दिशेने फवारले. मास्कचा सल्ला चुकीचा नाही, पण भर उन्हात, पुरुषभर वाढलेल्या कपाशीत रोजाने राबणाऱ्याला ते साहित्य दिले कोणी, हे ते पान सांगणार नाही. माहिती खरी असूनही अर्धी असू शकते.

तिसरी गोष्ट, ती कधीची आणि कोणत्या रुग्णासाठी? विषबाधा म्हटले की अजूनही मिठाचे पाणी पाजा, घशात बोट घालून उलटी काढा, दूध-तूप द्या असे व्हिडिओ फिरतात. जुन्या पत्रकांतही उलटीचा सल्ला छापलेला सापडतो. आजचे वैद्यकीय मत याच्या उलट आहे. गुंगीतल्या माणसाला उलटी करवली की ते फुप्फुसात जाते आणि बऱ्याच कीटकनाशकांत रॉकेलसारखा द्राव असतो, तो फुप्फुस जाळतो. शिवाय फवारणीतले विष पोटातून नव्हे, मुख्यतः कातडीतून आणि श्वासातून गेलेले असते. तिथे उलटीचा उपयोग काय? भिजलेले कपडे काढणे, साबण-पाण्याने अंग धुणे, स्वतः हातमोजे घालणे, रुग्णाला कुशीवर ठेवणे, श्वासाकडे लक्ष देणे आणि 108 बोलावणे ही पहिली कामे.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. पुरावा काय? प्रोफेनोफॉस, मोनोक्रोटोफॉस ही ऑरगॅनोफॉस्फरस गटातली विषे. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, लाळ-घाम सुटतो, छाती घरघरते, नाडी मंदावू शकते. त्यावर ॲट्रोपिन देतात. ते कसे द्यावे यावर बांगलादेशातल्या चितगावच्या रुग्णालयात 156 रुग्णांवर चाचणी झाली, ती 2012 मध्ये प्रसिद्ध झाली. जुन्या पद्धतीने ठरावीक वेळाने डोस दिलेल्यांत मृत्यू 22.5 टक्के, तर वाढवत नेलेले डोस आणि नंतर सलाइनमधून सतत ॲट्रोपिन दिलेल्यांत 8 टक्के. औषध तेच, देण्याची पद्धत वेगळी. आणि ती पद्धत चालते ती दर काही मिनिटांनी छाती, नाडी, रक्तदाब, बाहुल्या, काखेतला घाम बघणाऱ्या माणसावर. तो माणूस म्हणजे नर्स. आता सांगा, ही माहिती तिच्या कामाची नाही?

पण इथेही डोळे मिटून मान डोलवायची नाही. एका रुग्णालयातली एक चाचणी म्हणजे अंतिम सत्य नव्हे. प्रॅलिडॉक्झिमचे बघा. 2006 मध्ये आपल्या बारामतीतल्या रुग्णांवरचा अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये आला. जास्त मात्रेत, सतत दिल्यास फायदा होतो, असे त्यात दिसले. 2009 मध्ये श्रीलंकेतला अभ्यास 'प्लॉस मेडिसिन'मध्ये आला. त्यात फायदा दिसला नाही. दोन्ही प्रामाणिक आणि दोन्ही मोठ्या नियतकालिकांत. मग खरे कोणते? विष कोणते होते, किती घेतले होते, रुग्ण किती तासांनी पोहोचला, हे विचारल्याशिवाय उत्तर नाही. असे प्रश्न विचारण्यालाच मराठीत चिकित्सा म्हणतात. आपल्या भाषेत उपचारालाही चिकित्सा म्हणतात आणि तपासून बघण्यालाही. दोन्ही अर्थ एकाच शब्दात आहेत, हे विसरता कामा नये.

पाचवी गोष्ट, शंका असेल तिथे माणसाला विचारा. दिल्लीच्या एम्समध्ये राष्ट्रीय विष माहिती केंद्र आहे. 1800 116 117 हा त्याचा निःशुल्क क्रमांक चोवीस तासांचा आहे. डायफेन्थियुरॉनसारख्या विषावर खास उतारा नाही, लक्षणांप्रमाणेच उपचार करावे लागतात. हे रात्री दोन वाजता कळणेसुद्धा मोलाचे असते, कारण मग नसलेल्या उताऱ्याची वाट बघत वेळ जात नाही. हा क्रमांक आपल्या किती उपकेंद्रांच्या भिंतीवर लिहिलेला आहे? पुढच्या वेळी लसीकरणाला जाल तेव्हा बघून या.

आता एक कडू गोष्ट स्वतःबद्दल. कोरोनाच्या काळात आपल्याच व्हॉट्सॲप गटांवर काय काय फिरले, आठवून बघा. काढे, वाफा, लशीने वंध्यत्व येते ही अफवा. मनुवाद्यांचा चमत्कार आपण लगेच ओळखतो, पण 'जय भीम' लिहून आलेला चमत्कार तपासायचा राहून जातो. आपल्या माणसाने पाठवले, हा पुरावा नाही. मोठ्या डॉक्टरने सांगितले, हाही पुरावा नाही. प्रमाण मानायचे ते तपासून, पाठवणाऱ्याचे तोंड बघून नव्हे. ही शिस्त आपण पाळली नाही तर सिस्टरला शिकवायचा अधिकार आपल्याला नाही.

भाषेचाही अन्याय आहे. अनेक एएनएम मराठीत शिकल्या, मराठीत नोंदी करतात, मराठीत रुग्णाशी बोलतात आणि घरी कोलामी-गोंडी बोलणाऱ्या रुग्णाला समजून घेतात. 'फवारणी विषबाधा उपचार' असे मराठीत शोधले की बातम्या येतात, घरगुती उपाय येतात. अभ्यास आणि मार्गदर्शक तत्त्वे येतात ती इंग्रजीत रासायनिक नाव टाकल्यावर. म्हणजे ज्ञान फुकट असूनही भाषेच्या वेशीबाहेर उभे राहावे लागते.

म्हणून आमच्या मागण्या. फवारणीचा हंगाम सुरू होण्यापूर्वी, जूनमध्येच, जिल्ह्यातल्या प्रत्येक एएनएम, जीएनएम, आशा यांना विषबाधेवर कामाच्या वेळेत, पगारी प्रशिक्षण द्या. त्यात माहिती शोधणे आणि पारखणे शिकवा. प्रत्येक उपकेंद्रात चालणारे इंटरनेट द्या. सरकारी सदस्यत्वाचे दार वैद्यकीय महाविद्यालयाच्या फाटकावर न थांबवता आरोग्य केंद्रापर्यंत आणा. त्या-त्या हंगामात विकल्या जाणाऱ्या कीटकनाशकांची रासायनिक नावे, लक्षणे आणि उतारा यांची मराठी यादी कृषी आणि आरोग्य खात्याने मिळून काढावी, तारखेसह, दरवर्षी नवी. आणि चूक झाल्यावर निलंबनाच्या आदेशासोबत, या कर्मचाऱ्याला शेवटचे प्रशिक्षण कधी दिले होते, याचे उत्तरही जाहीर करा.

सरकार करेल तेव्हा करेल, आपण काय करू? आपल्या विहारांत, अभ्यासिकांत स्पर्धा परीक्षेची मुले रात्रंदिवस बसतात. त्यांना इंग्रजी येते, शोधता येते. गावातल्या सिस्टर आणि आशाताईला महिन्यातून एक संध्याकाळ बोलवा. त्या रुग्ण सांगतील, तुम्ही कागद शोधा, दोघे मिळून पारखा. तुम्ही शिकवायला बसलात असे समजू नका. कोणता प्रश्न विचारायचा हे तुमच्यापेक्षा त्यांनाच जास्त कळते. आणि आपल्या मुली नर्सिंगला जातात, तेव्हा "सेवेचे पुण्य" म्हणून पाठ थोपटण्यापेक्षा त्यांच्या हातात वाचायला काही द्या.

बाबासाहेबांच्या त्रिसूत्रीत पहिला शब्द शिकण्याचा आहे. त्याचा अर्थ पदवीपुरता नाही. 2017 मध्ये आपली माणसे विषाने मेली आणि माहितीच्या अंधारानेही मेली. विष विकणाऱ्यांशी लढाई चालूच राहील. पण पुढच्या पावसाळ्यात कोणी "कपाशीचं औषध" म्हणत दारात कोसळेल, तेव्हा आपल्या सिस्टरने "बाटली कुठे आहे?" असे विचारावे आणि पुढचे तिला ठाऊक असावे, एवढे तर आपण आत्ता करू शकतो.

जय भीम!