नक्कल म्हणे!

‘घरच्या संगणकांवरचे जुने गेम म्हणजे आर्केडच्या गेमची गरिबाघरची नक्कल.’ गेल्या दिवाळीत रामदासपेठेतल्या आमच्या घरी भाच्याने हे वाक्य फेकले आणि जमलेल्या इंजिनिअर मंडळींनी माना डोलावल्या. मी पडलो बी.ए. मराठीवाला मास्तर. तेव्हा चकली खात ऐकून घेतले, आता लिहितो.

राजेहो, नक्कल कशाला म्हणतात? पुढच्याच्या पेपरात बघून लिहितात ती. इथे पुढच्याचा पेपर दिसतच नव्हता! मूळ कंपनीचा प्रोग्राम बहुतेक वेळा हाती पडत नसे. यंत्रासमोर उभे राहून खेळायचे, बघायचे, टिपून घ्यायचे आणि घरच्या यंत्रावर सगळे नव्याने लिहायचे.

आणि जागा किती? १९८४ साली सुरू झालेल्या सरकारी ‘क्लास’ योजनेतून आपल्या शाळांत बीबीसी मायक्रो आले. त्यांची मेमरी ३२ केबी. सगळ्यात रंगीत चित्र हवे तर २० केबी नुसत्या पडद्यालाच जात. उरलेल्या बारातलेही थोडे यंत्र स्वतःसाठी ठेवून घेई. बाकीच्यात भुते, भिंती, आवाज, गुण, सगळा संसार! (भाच्याचा रोजचा ‘शुभ सकाळ’चा फोटो याहून जड असतो.) डेसिबेल्सने १९८६ मध्ये भारतात आणलेल्या स्पेक्ट्रम प्लसची तऱ्हा वेगळी. आठ बाय आठ ठिपक्यांच्या चौकोनात दोनच रंग. लाल भूत निळ्या भिंतीजवळून गेले की एकाचा रंग दुसऱ्याला लागलाच!

मग काय ठेवायचे, काय सोडायचे? पॅकमॅनचा आर्केडचा पडदा उभा, घरचा टीव्ही आडवा. चक्रव्यूह बदलला तरी चालेल, पण चार भुतांचे चार स्वभाव गेले तर खेळच गेला. स्पेस इन्व्हेडर्सची (१९७८) तर मौजच आहे. शत्रू मरत जातात तशी उरलेल्यांची चाल वाढते. मुळात हा यंत्राचा अशक्तपणा. ते एका वेळी एकच आकृती हलवी, म्हणून आकृत्या घटल्या की प्रत्येकीची पाळी लवकर येई. निशिकादोंनी ते तसेच राहू दिले. दुसऱ्या यंत्रावर मात्र तीच धडधड मुद्दाम घडवावी लागते. हे नुसत्या नकलाकाराला सुचेल?

देवलांनी ऑथेल्लोचा ‘झुंझारराव’ केला, पुलंनी ‘पिग्मॅलियन’ची ‘ती फुलराणी’. लंडनची बोली मराठीत येणार नाही, म्हणून मंजुळेला तिची स्वतःची बोली दिली. म्हणा बघू पुलंना नक्कलबहाद्दर!

फसलेली रूपांतरेही होती, नाही कोण म्हणतो? १९८२ चा अटारी २६०० वरचा पॅकमॅन घ्या. (हा संगणक नव्हे, टीव्हीला जोडायचा खेळ.) भुते नुसती लुकलुकत. पण यंत्राची मेमरी होती १२८ बाइट! देवनागरीत तेवढ्यात हे एवढे एक वाक्यसुद्धा मावत नाही. टॉड फ्राय यांना शिव्या घालणाऱ्यांनी आधी हा हिशेब मांडावा.

नाटकाच्या जाहिरातीत रूपांतरकाराचे नाव तरी असते. अटारी त्या काळी प्रोग्राम लिहिणाऱ्याचे नाव खोक्यावर छापतही नसे. त्याच रागातून चार प्रोग्रामर बाहेर पडले आणि १९७९ मध्ये अ‍ॅक्टिव्हिजन उभी राहिली.