उंबऱ्याबाहेरचे सोबती

इंदापूरच्या पेठेत दुकाने उघडण्यापूर्वीच पायरीवर कुत्री येऊन बसलेली असतात. त्यांतील एखादे घरचे असते. त्याच्या गळ्यात पट्टा असतो, अंगाला साबणाचा वास असतो आणि नाव बहुधा मोती, टॉमी किंवा शेरू असते. उरलेली तीन-चार गल्लीची. त्यांची नावे मुलांनी रंगावरून ठेवलेली: काळू, लाली, कबरी. घरच्याला भाकरी आत मिळते, बाकीच्यांना बाहेर. खाणे आटोपले की हा भेद संपतो. सारी मंडळी एकत्र कोपऱ्यापर्यंत जातात, उन्हाची जागा पाहून एकमेकांना टेकून पडतात आणि रात्री अनोळखी पाऊल वाजले की एका सुरात भुंकतात.

त्यांना घरोघरच्या वेळाही अचूक ठाऊक असतात. चौविहार पाळणाऱ्या घराच्या पायरीवर ती सूर्यास्तापूर्वी हजर असतात. उशिरा जेवणाऱ्या शेजाऱ्याकडे दिवेलागणीनंतर. उधारीची तारीख विसरणारे गिऱ्हाईक पेठेत पुष्कळ सापडते, भाकरीची वेळ विसरणारे कुत्रे सापडत नाही.

कुत्रा हा मुळात कळपाचा प्राणी आहे. घरातील माणसे हा त्याचा एक कळप, तर गल्लीतील सोबती हा दुसरा. गच्चीवर दिवसभर साखळीने बांधलेले कुत्रे उगाच भुंकते, दार ओरबाडते, पाहुण्याच्या अंगावर धावते. घरची मंडळी त्याला तापट म्हणतात. प्रत्यक्षात ते एकटे असते. लहानपणी इतर पिल्लांत खेळलेले कुत्रे चावा किती जोरात घ्यायचा हे शिकते, कारण जास्त जोर लागला की दुसरे पिल्लू केकाटून खेळ मोडते. हे शिक्षण माणसाला देता येत नाही.

जैन घरात कुत्रे आले की पहिला प्रश्न त्याच्या आहाराचा निघतो. याबाबत विज्ञानाने काहीसा दिलासा दिला आहे. पिष्टमय पदार्थ पचविण्यास लागणाऱ्या जनुकाच्या प्रती कुत्र्यात लांडग्यापेक्षा कितीतरी अधिक असतात, असे 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. माणसाच्या चुलीजवळ राहता राहता तो भाकरीचा झाला. मात्र नुसत्या भाकरीवर त्याचे भागत नाही. प्रथिनांची व्यवस्था पशुवैद्यकाला विचारून करावी लागते, आणि पिल्लाच्या वाढीच्या काळात तर अधिकच काळजीपूर्वक. कांदा व लसूण कुत्र्याला विषासमान आहेत, त्याच्या रक्तातील तांबड्या पेशी त्यांनी नष्ट होतात. जैन स्वयंपाकघरात तो धोका आपोआप टळतो. द्राक्षे आणि बेदाणे यांचे तसे नाही. द्राक्षबागांच्या या पट्ट्यात ते घरोघरी असतात, मुले प्रेमाने कुत्र्यापुढे धरतात, आणि त्यांनी कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. चॉकलेटही तसेच घातक.

महाराष्ट्रात कुत्र्याचे कौतुक नवे नाही. छत्रपती शाहू महाराजांच्या एका लाडक्या कुत्र्याने वाघापासून त्यांचा जीव वाचविला, अशी हकीकत आहे. ग्रँट डफने आपल्या मराठ्यांच्या इतिहासात लिहिले आहे की महाराजांनी त्या कुत्र्याच्या नावे जहागिरीची सनद काढली, पालखीचा मान दिला आणि एकदा तर त्याला जरीवस्त्रे व अलंकार घालून भर दरबारात बसविले. साताऱ्याजवळ संगम माहुली येथे त्या कुत्र्याचे म्हणून दाखविले जाणारे स्मारक आजही आहे. जहागिरीचा वसूल त्याने कसा केला असेल, हा हिशेबी माणसाला पडणारा प्रश्न बाजूला ठेवू. एका कुत्र्यावर असे प्रेम करणे राजालाही सुचले आणि आपल्या घरांतही ते दिसते. पण पट्टा नसलेल्यांचे काय?

त्या प्रश्नाशी व्यापारी समाजाचा जुना संबंध आहे. मुंबईत कंपनी सरकारने मोकाट कुत्री मारण्याचा हुकूम काढला होता आणि दर कुत्र्यामागे बक्षीस ठरविले होते. बक्षिसासाठी कुत्री मारणारे घराच्या आवारापर्यंत पोहोचू लागले. 1832 च्या जून महिन्यात पारशी समाजाचा संताप उसळला. हिंदू, जैन आणि मुसलमान व्यापारीही त्यांत सामील झाले, दुकाने बंद झाली, अखेर सरकारला लष्कर बोलवावे लागले. एवढ्यावर प्रकरण संपले असते तर तो केवळ दंगा ठरला असता. परंतु 1834 मध्ये जमशेटजी जीजीभाई आणि मोतीचंद अमीचंद, म्हणजेच जैन समाजाला पालिताण्याच्या मोतीशा टुंकेमुळे परिचित असलेले मोतीशा शेठ, यांच्या पुढाकाराने भुलेश्वर भागात पांजरपोळ उभी राहिली. तिचा खर्च चालावा म्हणून व्यापाऱ्यांनी आपल्या मालावर लागा बसविला. दया वाटणे निराळे आणि दयेसाठी कायमचा निधी उभारणे निराळे, हा फरक त्या पिढीला व्यवहारातून कळला होता.

आज पर्युषणात जीवदयेसाठी जी रक्कम लिहिली जाते, ती बहुतांशी गोशाळा आणि पांजरपोळ यांकडे जाते, आणि जावीच. दाराशी बसलेल्या काळू-लालीच्या वाट्याला भाकरी येते. लस येत नाही. तोटा नेमका येथे आहे, आणि तो घरच्या मोतीपर्यंत पोहोचतो. मोतीला दर वर्षी रेबीजची लस टोचली जाते, पण तो ज्यांच्याबरोबर लोळतो त्यांना ती मिळालेली नसते. त्यांच्या अंगावरचे गोचीड त्याच्या अंगावर येतात, गोचीडताप येतो. पार्व्हो आणि डिस्टेंपर या रोगांनी गल्लीतील पिल्लांची पिल्ले दगावतात, आणि लसीचा क्रम अपुरा राहिलेले घरचे पिल्लूही त्यांत सापडते.

रेबीजची बाब तर माणसांच्या प्राणांची आहे. माणसाला होणारा हा रोग जगभर जवळजवळ सर्वस्वी कुत्र्याच्या चाव्यातूनच येतो. लक्षणे दिसू लागल्यावर त्यावर इलाज उरत नाही. चावल्यावर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटे धुऊन त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. हळद, चुना, मिरची यांचा उपयोग नाही. एखाद्या वस्तीतील सुमारे 70 टक्के कुत्र्यांना लस मिळाली की रोगाची साखळी तुटते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे दहा कुत्र्यांच्या गल्लीत सात. गोव्याने घरची आणि रस्त्यावरची, दोन्ही कुत्री वर्षानुवर्षे गावोगाव फिरून टोचली आणि 2021 मध्ये ते रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झालेले देशातील पहिले राज्य ठरले.

इंदापूरला या साखळीचे आणखी एक टोक आहे. तालुक्यातील कडबनवाडीच्या माळरानावर चिंकारा आहेत आणि दुर्मीळ झालेला भारतीय लांडगाही. त्याच माळावर धनगरांच्या मेंढ्या चरतात, सोबत त्यांची राखणीची कुत्री असतात. गावात खरकटे खाऊन वाढलेली कुत्रीही तेथवर भटकतात. लांडगा हा कुत्र्याचा सख्खा भाऊबंद. म्हणून कुत्र्याचे रोग त्याला सहज लागतात. 2018 मध्ये गीरच्या जंगलात वीसहून अधिक सिंह काही आठवड्यांत मेले, तेव्हा त्यांच्यांतही डिस्टेंपरचाच विषाणू आढळला होता. पुणे परिसरातील माळरानांवर लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाल्याचा पुरावाही 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासातून पुढे आला. पेठेतील पायरी आणि माळावरील लांडग्याचे बीळ यांत वाटते तेवढे अंतर नाही.

निर्बीजीकरणाविषयी काही घरांत संकोच आढळतो, आणि तो प्रामाणिक आहे. पण दर वर्षी दोनदा जन्मणारी, चाकाखाली आणि रोगाने मरणारी पिल्ले ज्यांनी पाहिली आहेत, त्यांनी दोन्ही बाजू तोलून पाहाव्यात. 2023 च्या केंद्रीय नियमांप्रमाणे हे काम स्थानिक स्वराज्य संस्थेचे आहे; शस्त्रक्रिया व लस झालेले कुत्रे सामान्यतः पुन्हा त्याच जागी सोडायचे असते. खाऊ घालण्याची जागा व वेळ ठरवून घ्यावी. ती जिन्याशी, दाराशी वा मुलांच्या खेळण्याच्या जागी नसावी, हेही त्याच नियमांत आहे. कुत्र्याला घाबरणाऱ्या शेजाऱ्याची भीती खोटी नसते. चावा त्याच्या नातवाला बसतो, भाकरी घालणाऱ्याला नाही.

नगरपरिषदेचे पथक जाळी घेऊन आले की गल्लीतील कुत्री पळतात. हीच कुत्री भाकरी घालणाऱ्या माणसाच्या हाताखाली मान देऊन उभी राहतात. मोती शेजारी असेल तर अधिकच निवांत. वर्षानुवर्षांच्या भाकरीने कमावलेली ही पत कोणत्याही सरकारी खात्याजवळ नाही, आणि आजवर ती कोणी फारशी वापरलेलीही नाही. रेबीजच्या लसीची एक मात्रा एक किलो पेढ्यांपेक्षा स्वस्त पडते. पशुवैद्यकाला सकाळच्या वेळी, दुकाने उघडण्यापूर्वी, पायरीशी बोलावता येते; तेव्हा सगळी मंडळी तेथेच असतात. दुकानातल्या एखाद्या जुन्या खतावणीची कोरी पाने त्यासाठी पुरतील: रंग, नर की मादी, निर्बीजीकरणाची खूण म्हणून कान कापलेला आहे की नाही, लसीची तारीख, पुढची तारीख. पहिल्या ओळीवर मोती, त्याखाली काळू, लाली, कबरी, आणि गेल्या आठवड्यापासून पायरीवर येऊ लागलेले ते नवे, पांढऱ्या पायाचे.