पायाचा अर्ज

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या घरी एक खटला उभा राहिला. आरोपी दोघे : एक मी, आणि दुसरी आमची नवी ऑटोमॅटिक मोटार. फिर्यादी अर्थातच घरची मंडळी.

घडले ते असे. कऱ्हाडहून आम्ही चिपळूणला निघालो होतो. पाटणच्या अलीकडे उसाने शिगोशीग भरलेला एक ट्रक पुढे लागला. त्याच्यामागे दोन-तीन किलोमीटर निमूटपणे काढल्यावर सरळ रस्ता आला. समोरून एस.टी. येताना दिसत होती. पण ती पुष्कळ लांब आहे असा माझा हिशेब. मी गाडी उजवीकडे काढली आणि ॲक्सिलरेटर पार तळापर्यंत दाबला. गाडीने जणू एक दीर्घ श्वास घेतला आणि ती जागच्या जागी विचारात पडली! मग एकदम हिसका देऊन उसळली. पण तोवर एस.टी. चांगलीच जवळ आली होती. ब्रेक दाबून मी कसाबसा पुन्हा ट्रकच्या मागे आलो. एस.टी.चा ड्रायव्हर काय म्हणाला ते ऐकू आले नाही, पण त्याच्या हाताने पुष्कळ सांगितले. मागच्या सीटवर आईची रामरक्षा सुरू झाली होती.

“अहो, आधी गाडी बाजूला घ्या,” सौ. म्हणाली. मी घेतली आणि लगेच जाहीर केले, की दोष गाडीचा आहे.

परत आल्यावर आमच्या नेहमीच्या मिस्त्रींकडे गेलो. मला वाटले, हे गाडीत काहीतरी बदलतील. त्यांनी बॉनेट उघडून सगळे पाहिले, मला शेजारी बसवले आणि बाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर तीच गाडी अशी काही पळवली, की मी बघतच राहिलो. मग म्हणाले, “साहेब, पुढे जायचं हे तुम्ही पाच मिनिटं आधी ठरवता, आणि गाडीला मात्र अगदी शेवटी सांगता. मग तिची धांदल होणार नाही तर काय?”

त्यांचे म्हणणे समजण्यासाठी थोडे आत डोकावायला हवे. जुन्या मोटारीत ॲक्सिलरेटरपासून इंजिनापर्यंत तार असे. पाय दाबला की तार ओढली जाई आणि हवेचे दार उघडे. आजच्या गाडीत ती तार नाही. पाय जे करतो ते केवळ अर्ज करणे. तो अर्ज संगणक नावाच्या कारकुनाच्या टेबलावर जातो. गाडीचा वेग किती, चढ आहे का, गिअर कोणता, हे पाहून तो दार किती उघडायचे ते ठरवतो. पाय हलका असेल तर साहेबांना घाई नाही असे समजून, पेट्रोल वाचवण्यासाठी तो वरचा गिअर लावून ठेवतो. ट्रकच्या मागे माझा पाय हलकाच होता. मग मी अचानक सगळा जोर मागितला. आमच्या गाडीत क्लच एकच आहे. संगणकाने आधी तो सोडवला, खालचा गिअर लावला, क्लच पुन्हा धरला आणि मग चाकांकडे जोर पाठवला. क्लच सुटलेला असताना चाकांना इंजिनाची ओढच नसते. तोच तो दीर्घ श्वास!

हा श्वास दोन सेकंदांचा धरला, तर ताशी ६० किलोमीटरने येणारी एस.टी. तेवढ्यात ३३ मीटर पुढे येते. म्हणजे एकापुढे एक तीन एस.टी. उभ्या केल्या तर जितकी जागा लागेल, जवळजवळ तितकी. माझ्या हिशेबात नेमके हेच ३३ मीटर नव्हते.

सर्वच ऑटोमॅटिक गाड्या अशा नसतात. जनरल मोटर्सने १९४० सालच्या ओल्डस्मोबाइल गाड्यांत हायड्रामॅटिक गिअर आणले, त्या घराण्यातल्या गाड्यांत इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये तेल असते. समोरासमोर दोन पंखे ठेवून एक सुरू केला तर दुसरा त्याच्या वाऱ्याने फिरू लागतो. इथे वाऱ्याच्या जागी तेल. म्हणून चाल मऊ असते. १९५८ साली हॉलंडमध्ये डाफ कंपनीने पट्ट्यावर चालणारी गाडी दाखवली. त्या जातीत ठरावीक गिअर नसतातच. जोरात दाबले तर आधी इंजिन ओरडते आणि वेग मागून येतो. दोन क्लचच्या गाडीत पुढचा गिअर आधीच तयार असतो, म्हणून ती चपळ. आणि एकाच क्लचचे काम यंत्राकडे सोपवलेली स्वस्त जात आपल्याकडे २०१४ साली मारुतीच्या सेलेरिओपासून घरोघर पोचली. आमची गाडी कंपनीने वेगळी, पण जातीने हीच. तेव्हा, वाचकहो, शेजाऱ्याची गाडी कशी पळते हे पाहण्याआधी आपली कोणत्या जातीची ते हँडबुकात पाहावे.

मिस्त्रींनी मला जे शिकवले, त्याला पैसा लागत नाही. पुढे जायचे असेल तर ट्रकच्या मागे असतानाच गिअरचा दांडा ‘एम’वर घ्यावा आणि एक गिअर खाली उतरवावा. गाडीचा श्वास तिथेच, आपल्याच बाजूला, घेऊन होतो. मग समोरचा रस्ता पुन्हा पाहावा आणि पाय एका लयीत दाबावा. ज्या गाडीत ‘स्पोर्ट’ अशी सोय आहे तिथे तीही वेळेआधीच लावावी. एका क्लचच्या गाडीत वरचा गिअर पडतेवेळी पाय किंचित हलका केला, तर मानेला बसणारा हिसका पुष्कळ कमी होतो. चार दिवसांत ती वेळ कानाला ओळखू येते. आणि चढावर गाडी ॲक्सिलरेटरवर तोलून धरू नये, ब्रेक लावावा; नाही तर क्लच तापतो, झिजतो आणि गाडी आणखी मंद होते.

देखभालीचेही थोडे आहे. हवेचा फिल्टर तुंबला, हवेच्या दाराशी काजळी साचली किंवा टायरमध्ये हवा कमी असली, की गाडी जड वाटते. तेलाच्या गाडीत गिअर बदलण्याचे काम तेलाच्या दाबानेच होते. ते तेल जुने झाले की गिअर उशिरा आणि धक्क्याने पडतात. ते कधी बदलायचे हे हँडबुकात पाहावे, शेजाऱ्याला विचारू नये. काही गाड्यांत हवेचे दार साफ केल्यावर किंवा बॅटरी बदलल्यावर संगणकाला पुन्हा शिकवावे लागते. ते काम जाणत्याकडेच द्यावे.

आमच्या चिरंजीवांनी मात्र वेगळाच इलाज शोधला होता. “बाबा, पेडलला जोडायची एक डबी मिळते. लावली की गाडी उडते!” डबीला काही हजार रुपये पडत होते. मिस्त्री हसले. ती डबी पायाचा अर्ज मोठ्या अक्षरात लिहून पाठवते, इतकेच. पाव दाबला तर कारकुनाला वाटते अर्धा दाबला. अर्ज लवकर वाचला जातो हे खरे. पण इंजिनाची ताकद तसूभरही वाढत नाही, आणि गिअर बदलायला लागणारा वेळ तेवढाच राहतो. तळापर्यंत दाबले की डबी असली काय अन् नसली काय, सारखेच. उलट गर्दीत, बोळात गाडी लावताना ती पायाखाली उसळते. शिवाय अशी वस्तू जोडल्यावर वॉरंटीचे काय, हे कंपनीला आधी विचारायला हवेच. डबी आली नाही. चिरंजीव दोन दिवस बोलले नाहीत.

खटल्याचा निकाल असा लागला : गाडी निर्दोष, आरोपी क्रमांक एक दोषी, शिक्षा म्हणून महिनाभर रोज अर्धा तास मोकळ्या रस्त्यावर सराव. मी तो केला. गाडीचा श्वास पूर्ण गेला नाही. एका क्लचच्या गाडीत तो जायचा नाही. पण आता तो मला ठाऊक आहे, आणि माझ्या हिशेबात त्या ३३ मीटरना जागा आहे.

परवा पुन्हा त्याच रस्त्याने गेलो. पुढे तसाच ट्रक, समोर तशीच लांबवर एस.टी. मी एक गिअर उतरवला, समोर पाहिले, मनाशी हिशेब केला आणि ट्रकच्या मागेच राहिलो. एस.टी. निघून गेली. मग सावकाश पुढे गेलो. मागे आई डुलकी घेत होती. तिला काहीच कळले नाही. सौ.ने मात्र न बोलता डबा उघडला आणि एक चकली माझ्या हातावर ठेवली. अपील फेटाळले गेले नव्हते, एवढे मला कळले.