दूर म्हणजे किती तास?

वाचकहो, वाट लांबची आणि वेळ मात्र कमी, असा प्रवास तुमच्या ऐकिवात आहे काय? आमच्या पुण्यात रिक्षावाल्याने लांबून नेले की वेळ आणि भाडे दोन्ही वाढतात. आकाशातला न्याय निराळा.

दिल्ली आणि सॅन फ्रान्सिस्को हे दोन विमानतळ घ्या. पृथ्वीच्या गोलावर दोहोंमध्ये दोरा ताणला तर तो सुमारे १२,४०० किलोमीटर भरतो आणि आर्क्टिकच्या अंगाने जातो. एअर इंडियाचे विमान आधी पश्चिमेकडून, अटलांटिकवरून जात असे. ती वाट सुमारे १३,९०० किलोमीटरांची. २०१६ च्या ऑक्टोबरात ते पूर्वेकडे वळवून पॅसिफिकवरून नेले. अंतर झाले सुमारे १५,३०० किलोमीटर, आणि विमान साडेचौदा तासांत पोचले. पूर्वीपेक्षा जवळजवळ दोन तास लवकर!

पृथ्वी खाली फिरते म्हणून असे होते, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. अहो, पृथ्वीबरोबर हवाही फिरतेच की! खरी करामत वाऱ्याची. नऊ-दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे एक वेगवान झोत वाहतो. हिवाळ्यात तो ताशी दोनशे किलोमीटरांच्याही पुढे जातो. पाठीशी घेतला तर ढकलतो, तोंडावर घेतला तर अडवतो. जपानच्या वासाबुरो ओइशी या शास्त्रज्ञाने तातेनोच्या वेधशाळेतून फुगे सोडून तो मोजला आणि १९२६ साली अहवाल छापला, तोही एस्पेरान्तो या जागतिक म्हणवणाऱ्या भाषेत. साहजिकच जगाने तो फारसा वाचला नाही. भाषेच्या मास्तराने यावर काय बोलावे!

आमच्या थोरल्या वहिनींचा एकुलता एक मुलगा सॅन फ्रान्सिस्कोला असतो. त्यांना मी हे सारे रंगवून सांगत होतो.

"भाऊजी, वाऱ्याचं राहू द्या," त्या मध्येच म्हणाल्या. "मला काही झालं, तर तो किती तासांत येईल?"

या प्रश्नाला वेळापत्रकात रकाना नाही. मी म्हणालो, "भलतंच काय बोलता!" पण त्यांनी कागद-पेन्सिल पुढे ठेवली. निरोप जाऊन तिकीट मिळेपर्यंत चार तास धरले. घरून विमानतळ आणि तिथले ताटकळणे, आणखी चार. आकाशातले सोळा. दिल्लीला उतरून, सामान घेऊन पुण्याचे विमान गाठायला पाच, पुढे दोन, आणि विमानतळावरून घरी यायला एक. बत्तीस तास झाले, आणि तेही त्या दिवशी थेट विमान असले तर.

"सामानाचा वेळ काढा," वहिनी म्हणाल्या. "तो तेव्हा बॅगा भरत बसणार नाही."

मी अर्धा तास खोडला. साडेएकतीस. तो आकडा त्यांनी टेलिफोनच्या वहीत, डॉक्टरांच्या नंबराखाली, ठळक अक्षरांत उतरवून घेतला. मग आत जाऊन त्यांनी फराळाचा भलामोठा डबा आणून माझ्यासमोर ठेवला.

"आता हा तिकडे किती दिवसांत पोचेल, तेवढं कुरियरवाल्याला विचारून या. चकल्या मऊ पडता कामा नयेत."