दुखण्याचें नांव आणि घरचें मौन

ताप मोजण्यास नळी आहे, मधुमेह ओळखण्यास रक्ताची तपासणी आहे. परंतु मन अमुकच व्याधीनें बिघडलें आहे, असें ठामपणें दाखविणारी तपासणी वैद्यकास अद्यापि साधलेली नाहीं. थायरॉइडसारखा विकार वगळण्यापुरताच येथें रक्ताचा उपयोग. बाकी सारी भिस्त निरीक्षणावर, आणि रोगी व आप्त यांच्या सांगण्यावर.

शिवाय या व्याधी एकमेकींत मिसळून येतात. आमच्या पनवेलीस १८७२ सालीं कृष्णशास्त्री पुराणिकांनीं धूतपापेश्वर औषधी कारखाना काढला. तेव्हां चरकाचे पांच उन्माद येथील वाचकांस अपरिचित नसावेत. त्यांत तिन्ही दोषांच्या मिश्रणाचा उन्माद वेगळा मोजलेला आहे. जर्मन वैद्य क्रेपेलिन यानें १८९९ सालीं आज जिला छिन्नमनस्कता म्हणतात ती एकीकडे व उन्माद-विषाद दुसरीकडे, अशी वांटणी केली. परंतु दोहोंचीं लक्षणें एकाच रोग्यांत आढळल्यामुळें १९३३ सालीं कासानिन यास तिसरें, मिश्र नांव योजावें लागलें.

घोटाळा कसा होतो पाहा. एक तरुण महिनोगणती अंथरुण सोडीत नाहीं. घरचे 'उदास आहे' म्हणतात. डॉक्टर विषादावर औषध देतात. दोन वर्षांपूर्वीं तोच आठवडाभर निजला नव्हता, कर्ज काढून धंदे मांडीत होता, हें कोणी सांगत नाहीं. अशा रोग्यास केवळ विषादाचें औषध दिल्यास कधीं कधीं उन्माद उसळतो.

पनवेलीहून आगगाडीनें गांठतां येणाऱ्या कर्जत येथें डॉ. भरत वाटवानी (मॅगसेसे पारितोषिक, २०१८) यांची 'श्रद्धा' ही संस्था रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांवर उपचार करते. त्यांचा पूर्वेतिहास सांगण्यास आरंभीं जवळ कोणी नसतें. आमच्या घरांत आई, आत्या, काका, सर्वांस सर्व ठाऊक असतें; पण धाकट्या बहिणीच्या लग्नाची काळजी प्रत्येकाच्या तोंडास कुलूप घालते!

आमची विनंती इतकीच, कीं वैद्याकडे जातांना टांचण न्यावें: झोंप, खर्च, बोलण्याचा वेग, व्यसन, चालू औषधें, कुळांतील दुखणीं, आणि तें तें कधीं झालें. पुढें वैद्यानें नांव बदललें तर त्यास अज्ञानी ठरवूं नये. कित्येक लक्षणें काळच उघड करतो. मात्र जीव देण्याची भाषा ऐकूं येतांच टांचणासाठीं थांबूं नये. रोग्यास एकटें न सोडतां वैद्य गांठावा. सरकारचा १४४१६ हा दूरध्वनिही आहे.

लग्नासाठीं लपविलेलें दुखणें लग्नानंतरही घरांत राहतेंच. दरम्यान औषध मात्र चुकलेलें असतें.