टॉवर हटविल्याने रेडिएशन घटत नाही

संपादक महाशय,



गच्चीवरील मोबाइल टॉवरचा करार रद्द करावा, किंवा शेजारच्या इमारतीवर उभ्या राहू पाहणाऱ्या अँटेनांविरुद्ध महापालिकेकडे तक्रार गुदरावी, असे ठराव मुंबई-पुण्याकडील गृहनिर्माण संस्थांच्या सभांत वारंवार येतात. आमच्या संस्थेतही तसा एक ठराव बहुमताने मंजूर झाला. या ठरावांमागील मुलाबाळांच्या आरोग्याची काळजी सर्वस्वी खरी आहे आणि तिचा उपहास करण्याचा अधिकार कोणासही नाही. परंतु ज्या उपायाने ती दूर होईल असे मानले जाते, तो उपाय या यंत्रणेच्या मूळ रचनेशीच विसंगत असल्यामुळे त्याचे फळ नेमके उलटे मिळते, ही बाब आपल्या पत्राद्वारे वाचकांच्या नजरेस आणावयाची आहे.

शहरभर पोहोचणारे एकच प्रबळ प्रक्षेपण केंद्र उभारण्याऐवजी प्रदेशाचे लहान लहान कोशांत विभाजन करावे, प्रत्येक कोशात अल्प शक्तीचे केंद्र ठेवावे आणि एका कोशातील लहरी थोड्या अंतरावरील दुसऱ्या कोशात पुन्हा वापराव्यात, ही कल्पना अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेच्या डग्लस रिंग यांनी डिसेंबर १९४७ मधील एका अंतर्गत टिपणात मांडली. आजची सारी मोबाइल यंत्रणा याच पायावर उभी आहे. केंद्रे अनेक असणे आणि ती वस्तीच्या निकट असणे हा तिच्यातील दोष नव्हे. कमी शक्तीत काम भागावे म्हणून जाणूनबुजून केलेली ती योजना आहे.

या योजनेचा जो भाग सर्वांत कमी लोकांना ठाऊक आहे, तोच प्रस्तुत वादात निर्णायक आहे. आपल्या हातातील फोन हेही एक प्रक्षेपण यंत्र असून त्याने किती शक्ती वापरावी याचा हुकूम त्याला टॉवरकडून अखंड मिळत असतो. तिसऱ्या पिढीच्या यंत्रणेत तर हा हुकूम सेकंदाला १५०० वेळा सुटत असे. श्रोता दूर गेला की वक्ता आवाज चढवितो, त्याप्रमाणे टॉवर दूर गेला की फोन आपली शक्ती वाढवितो, आणि दाट वस्तीत अंतर दुप्पट झाले तर ही गरज साधारणतः दसपट ते सोळापट वाढते. चौथ्या पिढीचा फोन सामान्यतः २०० मिलिवॅटपर्यंत शक्ती वापरू शकतो. टॉवर जवळ असल्यास तो तिच्या अल्पांशावर काम भागवितो. टॉवरची शक्ती अधिक असली तरी तो आपल्यापासून कित्येक मीटर दूर असतो आणि त्याचा मुख्य झोत क्षितिजाच्या रोखाने, किंचित खाली कललेला असा जातो. फोन मात्र कानाला चिकटलेला असतो. तेव्हा टॉवर हद्दीबाहेर घालविणारी संस्था आपल्याच सभासदांच्या कानाशी असलेले प्रारण वाढवीत असते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ साली रेडिओ लहरींना ‘संभाव्यतः कर्ककारक’ या गटात घातले, हा दाखला सभांमध्ये हटकून दिला जातो. पण त्या निर्णयाचा मानवी आधार, तोही मर्यादित म्हणून नोंदविलेला, फोन वापरणाऱ्यांविषयीचा होता, आणि परिसरातून येणाऱ्या लहरींविषयीचा पुरावा त्याच संस्थेने अपुरा ठरविला होता, हे मात्र कोणी सांगत नाही.

‘घरोघर वाय-फाय असताना टॉवर हवाच कशाला?’ असाही एक सवाल असतो. या दोन व्यवस्थांची शिस्त भिन्न आहे. मोबाइलच्या व्यवस्थेत कोणी केव्हा बोलावे हे केंद्र ठरविते. वाय-फायमध्ये असा कोणी नियंता नाही. प्रत्येक यंत्राने आधी कानोसा घ्यावा, मार्ग मोकळा दिसला तरच बोलावे, एवढाच संकेत. २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात तर १, ६ आणि ११ असे अवघे तीन वाहिन्यांचे मार्ग एकमेकांत न मिसळणारे, आणि एका मजल्यावरच चार-चार राउटर! शिवाय इमारतीची वीज गेली की बहुतेक घरांतील राउटर बंद पडतात. टॉवरला निदान बॅटरीचा आधार असतो. रात्री-अपरात्री जिन्यात कोसळलेल्या वृद्धासाठी रुग्णवाहिका बोलवावयाची तर भरवसा टॉवरचाच धरावा लागेल.

याचा अर्थ कंपनीने आणलेल्या प्रत्येक कागदावर डोळे मिटून सही करावी असा मुळीच नाही. जुन्या इमारतीच्या गच्चीवर पडणारा भार, भोके पाडल्याने होणारी गळती, जनरेटरचा धूर व आवाज, या तक्रारी रास्त आहेत. बांधकाम अभियंत्याचा दाखला आणि महापालिकेची परवानगी यांवाचून एक खिळाही ठोकू देऊ नये. रेडिएशनच्या बाबतीतही कंपनीच्या तोंडी ग्वाहीवर विसंबण्याचे कारण नाही. १ सप्टेंबर २०१२ पासून भारताने टॉवरसाठी आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या दशांशाची मर्यादा लागू केली, म्हणजे ९०० मेगाहर्ट्‌झला प्रति चौरस मीटर ०.४५ वॅट, आणि केंद्र सरकारच्या ‘तरंग संचार’ या संकेतस्थळावर अर्ज करून, ठराविक शुल्क भरून, आपल्या जागेतील प्रत्यक्ष मापन करून घेण्याची तजवीज नागरिकांसाठी करण्यात आली.

म्हणून गृहनिर्माण संस्थांच्या पदाधिकाऱ्यांना माझी आग्रहाची विनंती आहे की, टॉवर हटविण्याचा ठराव मतास टाकण्यापूर्वी एकदा मापनासाठी अर्ज करावा, त्याचा अहवाल सूचनाफलकावर लावावा, आणि मगच सभासदांचे मत घ्यावे.

आपला,
एक वाचक, ठाणे