टाकी फुल्ल, बाटली सीलबंद!

उड्डाणाआधी आम्ही शिकाऊ वैमानिक एक काम न चुकता करतो. टाकीत डिपस्टिक घालून इंधन मोजतो. मग थोडं इंधन खालून छोट्या पेल्यात काढून उजेडात धरतो, त्यात पाणी उतरलेलं नाही ना ते बघायला. इंधनात पाणी आहे का, हे रोज तपासणाऱ्या मला स्वतःच्या अंगात पाणी आहे का, हे मात्र कधी कुणी विचारलं नाही. मीही नाही.

कारण सोपं आहे. प्यायलं की लागते आणि लागली की जायचं कुठे? बड्या उद्योगपतींच्या खासगी जेटमध्ये टॉयलेट असतं. आमच्या चार सीटच्या सेसना १७२ मध्ये नसतं. कमर्शियल लायसन्ससाठी ३०० नॉटिकल मैलांचं, म्हणजे साधारण ५५५ किलोमीटरचं एक उड्डाण करावंच लागतं. या विमानाच्या वेगाने ते जवळपास तीन तास होतात. वाटेत दोन विमानतळांवर उतरायचं असतं, पण तिथे ‘सर, जरा जाऊन येते’ म्हणायची हिंमत होत नाही. मुलं एखादी रिकामी बाटली जवळ ठेवतात आणि त्यावर हसतातही. मुली काय करतात? आदल्या रात्रीपासून पाणी तोडतात.

मीही तेच करायचे. मे महिन्यातल्या एका दुपारी डोकं ठणकत होतं, जीभ टाळूला चिकटली होती. टॉवरने हवेचा दाब १००६ सांगितला, मी १००९ वाचून दाखवला. टॉवरने लगेच चूक सुधारली म्हणून ठीक. नाहीतर उंचीच्या काट्यावर दिसत होतं त्यापेक्षा मी साधारण ९० फूट खाली असते. त्या दिवशी कळलं, हा लाजेचा नाही, सुरक्षेचा प्रश्न आहे.

ही अडचण फक्त नवशिक्यांची नाही. ५ मे १९६१ रोजी अ‍ॅलन शेपर्ड अंतराळात गेला. उड्डाण अवघं १५ मिनिटांचं, म्हणून लघवीची सोयच केली नव्हती. पण तो यानात चार तासांहून जास्त वेळ अडकून पडला आणि शेवटी त्याला सूटमध्येच मोकळं व्हावं लागलं. अंतराळवीराची ही गत, तर आपण कशाला लाजायचं?

उपाय आहेत, स्वस्तही आहेत. लघवीचा लगेच जेल करणाऱ्या बंद होणाऱ्या पिशव्या मिळतात. मुलींसाठी फनेल मिळतं. ते आधी घरी वापरून बघायचं, पहिला प्रयोग पाच हजार फुटांवर नको! पाणी घटाघटा न पिता सकाळपासून घोट घोट प्यायचं. निघायच्या अगदी आधी जाऊन यायचं. चहा-कॉफी बेताने. लघवी गडद पिवळी दिसली तर समजायचं, पाणी कमी पडतंय.

पण सगळं आम्हीच का सांभाळायचं? भारतातल्या वैमानिकांमध्ये सुमारे १५ टक्के स्त्रिया आहेत, जगाच्या सरासरीच्या कितीतरी पुढे. याचा अभिमान भाषणांत सांगतात, मग ब्रीफिंगमध्ये हा विषय का नको? हवामान, इंधन, मार्ग यांच्या यादीत एक ओळ वाढवा: पाणी प्यायलात का, वाटेत कुठे थांबणार? प्रशिक्षकाने हे सगळ्यांना, सरळ आवाजात विचारलं, की हसणारेही गप्प होतात.

आणि हे वाचून ‘आपल्याला काय, आपण कुठे विमान उडवतो’ असं वाटलं असेल, तर आठवून बघ. एसटीने गावी जाताना, दिवसभराच्या ट्रेकला, परीक्षेच्या हॉलमध्ये शिरताना तूही बाटली तशीच सीलबंद परत आणली आहेस ना?

मी आता डिपस्टिक पुसून ठेवते आणि आधी दोन घोट पाणी पिते. सगळ्यांसमोर.